जर्मन स्टुडिओ पॉटरी घेताना: आधी बूड, मग माती, शिक्का सगळ्यात शेवटी

जर्मनीतल्या फ्लोमार्क्टवर, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, एखादी फुलदाणी आवडली की बहुतेक जण आधी ती उलटी करून शिक्का वाचतात. मग मोबाइलवर शोध, नाव जुळल्याचा आनंद आणि लगेच पैसे. घरी आल्यावर कळतं की शिक्का कारखान्याचा आहे, किंवा शिक्का खरा आहे पण काठ घासून बसका केलेला आहे, किंवा आत केसासारखी चीर आहे. एकदा नाव वाचलं की डोळे भांडं बघायचं सोडून देतात. म्हणून खालचा क्रम मुद्दाम उलटा लावला आहे. स्टुडिओ पॉटरी म्हणजे कारखान्यात नव्हे, कुंभाराच्या छोट्या कार्यशाळेत घडलेली भांडी; साधारण १९४५ ते १९७५ या काळातली अशी जर्मन भांडी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. म्युनिक, फ्रँकफुर्ट, श्टुटगार्टकडे राहून बाजार फिरणाऱ्यांना आणि पुण्या-मुंबईत बसून ऑनलाइन मागवणाऱ्यांना, दोघांनाही तो चालेल.

## तयारी

सामान फार लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, छोटी प्रखर टॉर्च, ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च, शिंप्याची टेप, मऊ सुती कापड आणि दोन जुने टॉवेल. बाजारात भांडी हाताळण्याआधी अंगठ्या, कडं आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ खिशात टाका. गळ्यात हात घालून आतली बाजू चाचपताना अंगठीनेच ओरखडे पडतात.

हाताची तयारी मात्र आधीच व्हायला हवी. चाकावर काढलेलं भांडं आणि साच्यात ओतलेलं भांडं यांतला फरक वाचून कळत नाही, तो हातात घेऊन कळतो. जर्मनीत असाल तर वेस्टरवाल्ड भागातल्या ह्योर-ग्रेंत्सहाउझेन या गावाला एक दिवस द्या. तिथे केरामिकम्यूझेउम वेस्टरवाल्ड आहे आणि गावात आजही चालू असलेल्या कार्यशाळा आहेत. संग्रहालयात काचेआडची भांडी बघा आणि कार्यशाळांच्या दुकानांत कॉफीचे मग, वाडगे हातात घेऊन बघा. ड्युसेलडॉर्फचं हेट्येन्स संग्रहालय आणि लाइपझिगचं ग्रासी संग्रहालय हीसुद्धा डोळे तयार करायला उत्तम. महाराष्ट्रात असाल तर जवळच्या एखाद्या स्टुडिओ पॉटरकडे जाऊन स्टोनवेअरचे, म्हणजे उच्च तापमानात भाजलेल्या दगडासारख्या घट्ट मातीचे, दोन वाडगे मागा आणि शेजारी घरातला कारखान्याचा चहाचा मग ठेवा. डोळे मिटून दोन्ही उचला. चाकावरच्या भांड्याचं वजन बहुधा खाली जास्त आणि काठाकडे कमी होत जातं. ओतीव भांड्याची भिंत वरपासून खालपर्यंत जवळपास सारखी लागते.

तयारीतला शेवटचा भाग म्हणजे एक दिशा निवडणं. "जर्मन पॉटरी गोळा करतो" या वाक्याला काही अर्थ नाही. एक प्रदेश किंवा एक गुरुपरंपरा धरा आणि पहिलं वर्ष तेवढंच बघा.

- वेस्टरवाल्ड: राखाडी अंगावर कोबाल्टचं निळं आणि मिठाचं ग्लेझ (ग्लेझ म्हणजे भाजताना भांड्यावर बसणारा काचेसारखा थर). विसाव्या शतकात एल्फ्रीडे बाल्त्सार-कोप आणि विम म्युलेनडिक यांनी ही जुनी पद्धत आपापल्या हाताने नवी केली. ह्योर-ग्रेंत्सहाउझेनची सिरॅमिक शाळा १८७९ची.
- कांडर्न: श्वार्त्सवाल्डच्या दक्षिण टोकाचं गाव. रिचर्ड बाम्पी (१८९६–१९६५) यांची स्टोनवेअर आणि पूर्व आशियाई वळणाची ग्लेझं. पुढे त्यांचा शिष्य होर्स्ट केर्स्टान.
- डोर्नबुर्ग आणि हाले: बाउहाउस या जर्मन कला-डिझाइन शाळेच्या कुंभारशाळेपासून निघालेली वाट. ओटो लिंडिग पुढे हँबुर्गला शिकवायला गेले, त्यामुळे उत्तरेतल्या कामातही तिची छाया दिसते.
- ड्युडल्सहाइम: फ्रँकफुर्टच्या ईशान्येचं छोटं गाव. कार्ल आणि उर्सुला शाइड, शेजारी बेआटे कून. बारीक, नेमकं, उच्च तापमानाचं काम.
- कासेल: वाल्टर पॉप यांच्या हाताखाली शिकलेल्यांचं काम. चाकावर काढलेले भाग कापून, जोडून केलेली भांडी.
- मारविट्स: बर्लिनच्या वायव्येला हेडविग बोलहागेन यांची एचबी कार्यशाळा, १९३४पासून. पूर्व जर्मनीतलं काम शोधणाऱ्यांनी सुरुवात इथून करावी.

तपासणी: निवडलेल्या दिशेची किमान वीस-पंचवीस भांडी प्रत्यक्ष बघून झाली का? नसतील तर अजून खिशात हात घालू नका.

## टप्पा १: कारखाना की कार्यशाळा?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून यावर थोडं थांबू.

१९५० ते १९७०च्या दशकांत पश्चिम जर्मनीतल्या कारखान्यांनी लाखांनी फुलदाण्या काढल्या. शॉयरिश, कार्स्टन्स, रुशा, बाय, यास्बा, ड्युम्लर उंड ब्राइडेन ही त्यातली मोठी नावं. लाल-नारिंगी, काळ्या, खडबडीत, उकळून थिजल्यासारख्या ग्लेझमुळे संग्राहक त्यांना "फॅट लाव्हा" म्हणतात. तो पृष्ठभाग बहुधा ग्लेझमध्ये सिलिकॉन कार्बाइड मिसळून मिळवतात. भट्टीत त्यातून वायू सुटतो, बुडबुडे येतात, फुटतात आणि खड्डे राहतात. या वस्तू गोळा करण्यात गैर काही नाही, काही फार देखण्या आहेत. पण त्या साच्यात ओतलेल्या कारखान्याच्या वस्तू आहेत. त्यांच्यावर "श्टुडिओकेरामिक", म्हणजे स्टुडिओ पॉटरी, अशी चिठ्ठी लावून चौपट भाव सांगणारे विक्रेते प्रत्येक बाजारात भेटतात.

ओळखायचं कसं, ते या क्रमाने:

१. भांडं दोन्ही हातांनी उचला. एक हात बुडाखाली, दुसरा पोटाला. कान किंवा गळा धरून कधीही उचलू नका, जुना जोड तिथेच असतो.

२. टॉर्च आत सोडा. चाकावरच्या भांड्यात तळापासून वर चढत जाणारी बोटांची वळणं दिसतात किंवा निदान बोटाला लागतात. ओतीव भांड्यात आतली बाजू बाहेरच्या नक्षीची उलटी नक्कल करते: बाहेर उंचवटा, तर आत खळगा. हा पुरावा जवळजवळ पक्का समजायला हरकत नाही.

३. बाजूने तिरका प्रकाश टाका आणि उभी रेघ शोधा. साच्याच्या दोन भागांचा सांधा पुसून टाकला तरी कानाखाली आणि गळ्याच्या वळणावर तो थोडा उरतोच.

४. आता बूड. चाकावरून दोरीने कापलेल्या बुडावर शिंपल्यासारख्या वक्र रेघा राहतात. पुन्हा चाकावर लावून खरवडलेलं असेल तर एकाच मध्याभोवतीची वर्तुळं आणि मध्ये कधी कधी छोटा उंचवटा दिसतो. ओतीव भांड्याचं बूड बहुधा आतून वर दाबलेलं, एकसारखं आणि फार सुबक असतं.

५. बुडावर आकडे आहेत का? "२३९-४१" असा आकडा म्हणजे आकाराचा क्रमांक २३९ आणि उंची ४१ सेंटिमीटर. असे क्रमांक कारखाना देतो. स्वतःच्या चाकावर दिवसाला मोजकी भांडी काढणाऱ्याला त्यांची सहसा गरज पडत नाही. जोडीला "डब्ल्यू. जर्मनी" असं रोमन अक्षरांत उठवलेलं असेल तर वस्तू निर्यातीच्या मालातली आहे असं धरून चाला.

सावध: "हांडआर्बाइट" (हातकाम) किंवा "हांडगेमाल्ट" (हाताने रंगवलेलं) असं लिहिलेलं दिसलं म्हणून हुरळू नका. हाताने रंगवलेली ओतीव फुलदाणीही त्यात बसते. उलट बाजूही लक्षात ठेवा: कार्यशाळा म्हणजे प्रत्येक वस्तू चाकावरचीच असं नाही. मारविट्सच्या एचबी कार्यशाळेत रोजच्या वापराची भांडी मालिकेने निघत होती आणि त्यांना स्वतःची वेगळी किंमत आहे.

## टप्पा २: माती आणि भाजणी

बुडाच्या कड्यावर ग्लेझ नसलेली माती उघडी असते. भिंगाने तीच बघा. लालसर, तुलनेने मऊ माती म्हणजे कमी तापमानाचं, साधारण १००० ते ११०० अंशांचं भांडं. घट्ट, राखाडी किंवा पिवळट-तपकिरी, दगडासारखी माती म्हणजे स्टोनवेअर, १२०० अंशांच्या वरचं. बोट ओलं करून उघड्या मातीवर टेकवा. ओल काही क्षणांत आत शोषली गेली तर भाजणी कमी आहे. बरंच काही बसलेल्या जागी राहिली तर स्टोनवेअर.

मग तळहातावर भांडं ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने हलकं टिचकवा. स्टोनवेअर खणखणीत बोलतं. "थप" असा बसका आवाज आला तर कुठेतरी चीर असण्याची शक्यता आहे. मात्र जाड भिंतीची, अरुंद गळ्याची बाटली धडधाकट असूनही बसकीच बोलते. आवाजावरून संशय घ्या, निकाल देऊ नका.

ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी इथे एक खड्डा आहे. "श्टाइनत्सॉइग" म्हणजे स्टोनवेअर आणि "श्टाइनगूट" म्हणजे सच्छिद्र, पांढरट, कमी तापमानाची माती. मोबाइलवरचं भाषांतर दोन्हीला अनेकदा "स्टोनवेअर"च म्हणतं. म्हणून जाहिरातीचा मूळ जर्मन मजकूर उघडून शब्द स्वतः वाचा. तिथेच आणखी तीन शब्द शोधा: "हारिस" म्हणजे केसासारखी चीर, "बेश्टोसुंग" म्हणजे टवका उडालेला, "ब्रांट्रिस" म्हणजे भट्टीतच पडलेली भेग.

## टप्पा ३: ग्लेझ वाचणं

मिठाचं ग्लेझ ओळखायला सोपं. भट्टी तापलेली असताना आत मीठ टाकतात, सोडियमची वाफ मातीतल्या सिलिकाशी संयोग पावते आणि संत्र्याच्या सालीसारखा बारीक दाणेदार पापुद्रा तयार होतो. तो दाणेदारपणा सगळीकडे सारखा नसतो. भट्टीत ज्या बाजूने ज्वाळा आणि वाफ गेली, तिथे तो दाट असतो. सारखाच गुळगुळीत, सारखाच राखाडी असा "वेस्टरवाल्ड" मग हल्लीचा पर्यटकांसाठीचा असण्याची शक्यता मोठी.

उच्च तापमानाच्या स्टोनवेअरमध्ये बुडाजवळची रेघ बघा. एक चांगला वाडगा उलटा धरून टॉर्च तिरकी लावलीत तर हे दिसेल: कड्याची माती कोरडी, राखाडी. तिच्यावर ग्लेझ जिथे संपतं तिथे एक-दोन मिलिमीटरची गंजासारखी तपकिरी पट्टी, कारण मातीतलं लोह तिथे वर आलं आहे. त्याच्या वर ग्लेझचा जाडसर ओघळ, खाली सरकता सरकता थांबलेला. एखाद्या जागी भट्टीच्या फळीवरचे वाळूचे दोन कण चिकटलेले. अशा बुडाची नक्कल करणं अवघड आहे, म्हणून काठापेक्षा बुडावर जास्त वेळ घालवा.

ग्लेझमधलं जाळं, म्हणजे बारीक तडे, नेहमीच दोष नसतो. ते कधी मुद्दाम आणलेलं असतं, कधी वयाने आलेलं. भांडं पाणी धरेल का, एवढाच व्यवहारी प्रश्न त्यातून उरतो, आणि त्याचं उत्तर घरी, वर्तमानपत्रावर ठेवून मिळतं.

## टप्पा ४: खोट शोधणं

आता डोळे बंद करा आणि बोट काठावरून पूर्ण फिरवा. हे गंमत म्हणून सांगत नाही, डोळ्यांना ग्लेझच्या चकाकीत न दिसणारा टवका बोटाला लागतो.

घासलेला काठ. काठावरचा टवका लपवायला पूर्ण काठ घासून खाली घेतात. खुणा तीन: काठाचा वरचा पृष्ठभाग कोरडा, खरखरीत किंवा नको इतका सपाट, ग्लेझ गोल वळण न घेता एकदम कापल्यासारखं थांबलेलं, आणि भांड्याचा घाट वर अचानक तुटल्यासारखा. बुडाचं घासणं मात्र वेगळं. ओघळलेलं ग्लेझ काढायला कुंभार स्वतः बूड घासतो, तो दोष नव्हे.

भेग कुठली? भट्टीतली भेग तोंडाशी गोलावलेली असते, तिच्यात ग्लेझ उतरलेलं असतं. नंतर पडलेली चीर धारदार, सरळ आणि आत मळ धरलेली. पहिली असेल तर भाव करा. दुसरी असेल तर खाली ठेवा.

जोडलेलं भांडं. सावलीत जाऊन यूव्ही टॉर्च लावा. नवा भराव, रंग किंवा लाखेसारखा थर आजूबाजूच्या ग्लेझपेक्षा वेगळा, बहुधा दुधट निळसर किंवा पिवळट चमकतो. काही ग्लेझं स्वतःच चमकतात आणि युरेनियम असलेलं ग्लेझ हिरवंगार दिसतं. म्हणून एका जागेची चमक बघून घाबरू नका, शेजारच्या जागेशी तुलना करा. तोटी, कान आणि झाकणाची मूठ यांच्या मुळाशी विशेष बघा.

दिव्याचं भोक. उंच बाटल्या आणि फुलदाण्यांचे टेबललॅम्प करायची त्या काळी फॅशन होती. बुडाला किंवा बुडाजवळ बाजूला वायरसाठी पाडलेलं आणि नंतर बुजवलेलं भोक शोधा.

सावध: अॅसिटोनचा बोळा लावून जोड उघडा पाडायची युक्ती वाचली असेल. न घेतलेल्या भांड्यावर ती कधीही वापरू नका. विक्रेता तुम्हाला भांड्यासकट बाजाराबाहेर काढेल आणि त्यात त्याची चूक नसेल.

## टप्पा ५: आता शिक्का

इथवर भांडं पास झालं असेल तरच नाव वाचा. वाचताना जर्मन कुंभारशिक्षणाची रीत डोक्यात असू द्या, नाहीतर शिक्का खरा असूनही अर्थ चुकतो.

जर्मनीत कुंभार होण्याची रुळलेली वाट अशी: साधारण तीन वर्षं एखाद्या मास्टरच्या कार्यशाळेत उमेदवारी, मग गेझेलेची, म्हणजे शिकून तयार झालेल्या कारागिराची परीक्षा, काही वर्षं दुसऱ्यांकडे काम आणि शेवटी माइस्टरची, म्हणजे मास्टरची परीक्षा. १९५३च्या कारागिरी कायद्याने हीच चौकट पक्की केली. स्वतःची कार्यशाळा चालवायची आणि उमेदवार शिकवायचे तर २००४पर्यंत माइस्टर असणं गरजेचं होतं. उमेदवारीच्या जोडीला ह्योर-ग्रेंत्सहाउझेन, बायर्नमधलं लांड्सहूट (१८७३) अशा शाळा होत्या, जिथे ग्लेझचं रसायन आणि भट्टीचं गणित शिकवत.

याचे परिणाम शिक्क्यावर असे दिसतात.

दाबून उठवलेला शिक्का बहुधा कार्यशाळेचा असतो. त्याखाली मास्टर, गेझेले, उमेदवार या सगळ्यांचे हात येतात. "एचबी" असा शिक्का म्हणजे बोलहागेन यांच्या कार्यशाळेचं काम. त्यावरचे पट्टे, चौकटी कार्यशाळेतल्या रंगवणाऱ्यांनी काढलेले असू शकतात आणि त्यांच्या छोट्या खुणा शेजारी असतात. बाईंनी स्वतः चाकावर काढलेलं, असं समजून पैसे देऊ नका. ओल्या मातीत टोकाने कोरलेली सही ही सहसा जास्त वैयक्तिक खूण. सही ओल्या मातीत कोरली होती का, ते भिंगाने बघा. ओल्या मातीत कोरलं की रेघेच्या दोन्ही कडांना माती किंचित वर येते. भाजल्यावर कोरलेली रेघ पांढुरकी, भुसभुशीत, तुटक असते. अशी सही दिसली की भांडं कितीही सुंदर असो, नावाचे पैसे द्यायचे नाहीत.

एकाच व्यक्तीचा शिक्का आयुष्यभर बदलत जातो. शाळेतली खूण वेगळी, दुसऱ्याच्या कार्यशाळेतली वेगळी, लग्नानंतरची आद्याक्षरं वेगळी. म्हणून यादीतली एक खूण जुळली नाही एवढ्यावरून भांडं खोटं ठरत नाही, आणि दोन अक्षरं जुळली एवढ्यावरून खरंही ठरत नाही. आद्याक्षरं सारखी असलेले कुंभार भरपूर आहेत. टप्पा १ ते ३ मधली माती, भाजणी आणि ग्लेझ त्या व्यक्तीच्या बाकीच्या कामाशी जुळते का, हेच विचारायचं.

देशाची खूण काळ सांगते, कर्ता सांगत नाही. "यू.एस. झोन" (अमेरिकेच्या ताब्यातला भाग) लिहिलेलं असेल तर युद्ध संपल्यानंतरची पहिली काही वर्षं. "वेस्ट जर्मनी" असेल तर १९४९ ते १९९०. स्टुडिओच्या भांड्यावर बऱ्याचदा यातलं काहीच नसतं, कारण ते निर्यातीसाठी केलेलंच नव्हतं.

दोन नावांपासून विशेष जपा. पहिलं बाउहाउस. बाउहाउसची कुंभारशाळा डोर्नबुर्गला १९२० मध्ये सुरू झाली. १९२५ मध्ये बाउहाउस डेसाउला गेलं तेव्हा कुंभारकाम सोबत गेलं नाही. त्यामुळे "बाउहाउसचा पाण्याचा जग, १९५५" असं लिहिणाऱ्या विक्रेत्याच्या बाकीच्या वाक्यांवरही मी विश्वास ठेवत नाही. तिथे शिकलेल्यांचं नंतरचं काम ही वेगळी आणि खरी गोष्ट आहे, पण मग विक्रेत्याने ते नाव सांगावं. दुसरं बुन्त्स्लाउ. सिलेझियातलं हे कुंभारांचं गाव १९४५ नंतर पोलंडमध्ये गेलं, आता ते बोलेस्वावियेत्स. तिथली सिरॅमिक शाळा १८९७ची. तिथून निघालेले कुंभार पश्चिमेत वेगवेगळ्या गावी स्थिरावले आणि तीच तपकिरी, ठसे उमटवलेली भांडी करत राहिले. त्यामुळे बुडावर बुन्त्स्लाउ असं नाव आहे आणि भांडं वेस्टरवाल्डमधलं आहे, असं होऊ शकतं. नाव शैलीचं की गावाचं, ते माती बघून ठरवा.

तपासणी: "हे नाव पुसून टाकलं तर या भांड्याला मी किती देईन?" हा आकडा मनात पक्का झाला का? झाला असेल तरच पुढे.

## टप्पा ६: भाव

मागितलेले भाव बघून अंदाज बांधू नका, विकले गेलेले भाव बघा. ऑनलाइन बाजारांत "विकलेल्या वस्तू" अशी गाळणी असते, लिलावगृहं निकाल प्रसिद्ध करतात. लिलावात हातोडी पडलेल्या रकमेवर खरेदीदाराचं शुल्क चढतं, बऱ्याच ठिकाणी ते पाव हिश्श्याच्या आसपास असतं. ते धरूनच बोली लावा.

फ्लोमार्क्टवर आपल्या सवयीने निम्म्यापासून सुरुवात केलीत तर समोरचा बहुधा तोंड फिरवतो. थोडी सूट शांतपणे मागा, नोट हातात असू द्या आणि दोन भांडी एकत्र घेत असाल तर ते आधी सांगा.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून हे फोटो मागा: बुडाचा पूर्ण फोटो तिरक्या प्रकाशात, काठ वरून, आतला तळ फ्लॅश लावून, शिक्का पट्टीसकट, चारही बाजू. उंची आणि वजन ग्रॅममध्ये. वजन विचारलं की काही विक्रेते वैतागतात, पण त्यातूनच भिंतीची जाडी कळते. बुडाचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

## टप्पा ७: बांधणी आणि घरी आणणं

१. झाकण वेगळं काढा आणि वेगळं गुंडाळा. झाकण जागेवर ठेवून चिकटपट्टी लावणं म्हणजे दोन्ही फोडायची सोय.

२. पहिला थर मऊ, बिनछपाईचा कागद. त्यावर बबलरॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. मॅट ग्लेझवर फुग्यांचे गोल डाग उमटू शकतात.

३. कान आणि तोटीभोवतीची पोकळी कागदाच्या गोळ्यांनी भरून भांडं सगळीकडून सारखं गोल करा, म्हणजे दाब कानावर न येता पोटावर येईल. गळ्यात मात्र कागद ठासून भरू नका.

४. आतला खोका, त्याभोवती सगळ्या बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर भराव, मग बाहेरचा खोका. हलवून बघा. आवाज आला तर परत उघडा.

विमानाने येत असाल तर भांडं केबिन बॅगेत घ्या आणि आत मोजे, चॉकलेटं कोंबू नका, सुरक्षा तपासणीत आतलं बघायला मागतात. पावती जवळ ठेवा. पार्सल मागवत असाल तर मालाच्या वर्णनात "अँटिक" हा शब्द लिहू देऊ नका. सीमाशुल्कात अँटिक म्हणजे शंभर वर्षांहून जुनं, आणि १९५८ची फुलदाणी त्यात बसत नाही. "शोभेची सिरॅमिक फुलदाणी, जुनी" एवढं पुरे. शुल्क किती बसेल ते मागवण्याआधी कुरिअरला विचारा. विम्याच्या अटींत सिरॅमिक वगळलेलं नाही ना, तेही वाचा.

## टप्पा ८: स्वच्छता

भांडी घासायला जिथे ठेवता तिथे हे भांडं ठेवू नका. चिंच, पितळेची पावडर, तारेची घासणी, ब्लीच, डिशवॉशर यांपैकी काहीही नाही. तारेच्या घासणीने मॅट ग्लेझवर धातूच्या करड्या रेघा उमटतात. ब्लीचचे क्षार सच्छिद्र मातीत शिरून नंतर बाहेर येतात आणि ग्लेझचा पापुद्रा उडवतात.

आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ. बुडाला जुनी कागदी चिठ्ठी असेल तर फोटो काढा आणि ती जागा कोरडीच ठेवा. कार्यशाळेची किंवा जुन्या दुकानाची चिठ्ठी हा पुरावा आहे, चिकटलेला कचरा नाही. मग कोमट पाणी, साधा द्रव साबण, सुती कापड. सिंकमध्ये टॉवेल अंथरून.

आत पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर असेल आणि भांडं नक्की स्टोनवेअर असेल, ग्लेझ चकचकीत आणि घट्ट असेल, तरच लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड. क्रम पाळा: आधी भांडं तासभर साध्या पाण्यात, म्हणजे छिद्रं पाण्याने भरतील. मग एक लिटर गार पाण्यात २० ते ३० ग्रॅम लिंबूसत्व, दहा-पंधरा मिनिटं. पाणी गरम करू नका. गरम द्रावणात चुन्याशी मिळून कॅल्शियम सायट्रेटचा नवा थर बसतो आणि तो पहिल्यापेक्षा चिवट असतो. शेवटी दोन-तीन वेळा साध्या पाण्यात बुडवून ठेवा. कमी तापमानाची माती, लाल-नारिंगी ग्लेझ, मॅट आणि स्फटिकांची ग्लेझं यांना आम्ल लावू नका. तिथे पांढरा थर असला तर असू दे.

वाळवणं आपल्याकडे महत्त्वाचं. जुलैतल्या मुंबईत किंवा कोकणात धुतलेलं सच्छिद्र भांडं वरून कोरडं दिसतं आणि बुडात ओल धरून ठेवतं. मग आठवड्याने बुडाखालच्या फेल्टच्या चकतीवर बुरशी दिसते. लाकडी पट्ट्यांवर उपडं ठेवून पंख्याखाली काही दिवस वाळवा आणि शक्य असेल तर धुणं पावसाळ्यानंतरच करा.

सावध: या काळातल्या लाल, नारिंगी, पिवळ्या ग्लेझमध्ये शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. कितीही मोह झाला तरी त्यात लोणचं, दही, लिंबाचं सरबत, कढी ठेवू नका. ताजी फुलं ठेवायची असतील तर आत काचेचा ग्लास ठेवा.

## टप्पा ९: नोंद

घेतल्याच्या दिवशीच एका पानावर लिहा: कुठे, कधी, कितीला, विक्रेत्याने काय सांगितलं, तुम्हाला काय दिसलं. शेवटच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहा, कारण वर्षभराने दोन्ही सरमिसळ होतात आणि विक्रेत्याची बढाई तुमचं मत बनून बसते. सोबत बूड, शिक्का, काठ आणि प्रत्येक खोटेचा फोटो. ओळख पक्की नसेल तर "कांडर्न परिसर, १९६०च्या सुमाराचं, कर्ता अज्ञात" असं लिहा. जवळच्या नावाने जागा भरू नका. भांड्यावर नंबर टाकायचा असेल तर पेन्सिलने, उघड्या मातीवर, बुडाच्या कड्याच्या आतल्या बाजूला, सहीपासून लांब.